तीन नंबरचा जोड

(सणसरजवळचा एक साखर कारखाना. हंगामाआधीची दुरुस्ती चालू आहे. बॉयलरच्या मोठ्या पंख्याच्या लोखंडी स्टँडपाशी चीफ इंजिनिअर देवकाते, जुने फिटर झुंबर आणि स्टँडची थरथर हातोडीनं तपासायला आलेली त्यांची इंजिनिअर मुलगी उत्कर्षा.)

देवकाते : मॅडम, दोन दिवस ठोकताय. स्टँड भंगारात घालायचं का, एवढंच सांगा.

झुंबर : भंगारात? सायेब, बारा वर्सं हुबं हाय त्ये. ह्या हातानं बांधलंय.

देवकाते : पण पंखा फुल स्पीडला गेला की नाचतंय, झुंबरराव!

उत्कर्षा : स्टँड चांगलं आहे, साहेब. दोष तीन नंबरच्या जोडात आहे.

झुंबर : त्येचे बोल्ट कालच आवळलेत मी. हलत न्हायत.

उत्कर्षा : बोल्ट घट्टच आहेत, आबा. पण हे बघा. जोडाच्या अलीकडं एक सेन्सर, पलीकडं एक. ठोका किती जोराचा, ते हातोडीतला सेन्सर सांगतो. आता ठोकते... बघितलं? बाकीच्या तीन जोडांतून थरथर सरळ पलीकडं जाते. इथं आतच जिरते. ताठपणा निम्माही नाही.

देवकाते : एका जोडानं एवढा हादरा?

उत्कर्षा : जोड मऊ पडला की स्टँडच्या स्वतःच्या थरथरीची लय मंदावते. ती नेमकी पंख्याच्या फेऱ्यांशी जुळलीय. झोका लयीत ढकलला की चढत जातो, तसं.

देवकाते : मग आत काय असेल?

उत्कर्षा : दोन्ही प्लेटा एकमेकींना पुऱ्या टेकत नाहीत. आबा, जोड तुम्ही बसवलेला, माहीत आहे मला. पण आकडे हेच सांगतात.

झुंबर : ...पॅकिंग हाय आत.

देवकाते : ड्रॉइंगमध्ये तर नाही!

झुंबर : न्हाय. पाय सूतभर आखूड आला हुता. दुसऱ्या दिशी बॉयलर पेटणार. पत्र्याचा तुकडा सारला, बोल्ट आवळले, वरनं रंग मारला. कुणाला बोललो न्हाय. मोठमोठी मानसं बघून गेली, कुणाला गावलं न्हाय. सरा, मीच खोलतो.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. पंखा फुल स्पीडला.)

देवकाते : हात लावून बघा, मॅडम. शांत झालं स्टँड! आणि हो, रिपोर्टात जोड कुणी बसवला ते लिहू नका. झुंबररावांच्या नोकरीचं एकच वर्ष राहिलंय.

झुंबर : लिव्ह पोरी, माझं नाव लिव्ह. बापाचा जोड लेकीनं धरला, हे सणसरात मीच सांगत फिरणार हाय.

उत्कर्षा : मला वाटलं, रागावलात. सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत.

झुंबर : नवी प्लेट घासत हुतो. केसभर फट ऱ्हाऊ ने म्हून. सायबाम्होरं माझ्यासाठी आकडा गिळला असतास, तर रागावलो असतो.

उत्कर्षा : आबा...

झुंबर : चल, उचल तुजी हातोडी. पल्याडच्या पंख्याचं स्टँडबी मीच बांधलंय.