सासवांची गाडी, सुनांची गाडी

आजकालचे सिनेमे रडके म्हणता? अरे, लढाईच्या दिवसांत रहिमतपूरला तंबूत एक सिनेमा आला होता. सुनेच्या हातून दूध उतू जातं आणि सासू तिच्याशी बोलणं टाकते. बस्स, तीन तास एवढंच!

आमच्या वाडीतून दोन बैलगाड्या भरून आम्ही गेलो होतो. पुरुषांकडे सगळे घोरत होते, बायकांकडे हुंदके. रीळ बदलायला दिवा लागला, तर माझी नवी नवरी डोळे पुसतेय आणि शेजारी आई ठणकावून सांगतेय, "शेरभर दूध सांडलं, मग काय ओवाळावं तिला?" मागून सगळ्या सासवा म्हणाल्या, "व्हय की!"

परतताना एका गाडीत साऱ्या सासवा, दुसरीत साऱ्या सुना. आम्ही पुरुष पायी.

सकाळी चुलीवर दूध ठेवलेलं, पण भाकरी कुणीच थापेना. शेवटी आईनं माझ्या वडिलांना विचारलं, "आवं, तुमीच सांगा, चूक कुनाची?"

वडील पहिल्या रिळापासून झोपलेले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "चूक घोड्याची. मालक पडल्यावर त्यानं पळायचं न्हाई."

सिनेमात घोडा नव्हताच! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काय हसत सुटल्या म्हणता!

"आत्याबाई, दूध!" बायको ओरडली. पण ते आईच्या नाकासमोर केव्हाच उतू गेलं होतं.

आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ओवाळ आता मला!"