मारव्याची वेळ

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? नागपूरचा दिघे दोन दिवस आमच्याकडे चिखलीला आला होता. शनिवारी संध्याकाळी चिंचवडला एका नामवंत गायिकेचं गाणं आणि नंतर पिठलं-भाकरी, असा बेत होता. दिघे म्हणाला, "जेवण काहीही चालेल, पण बाईंचा मारवा ऐकायचाय. तो सूर्यास्तालाच."

सहाचं गाणं! पावणेसात झाले तरी स्टेजवर सत्कारच चालू. माजी अध्यक्ष, आजी अध्यक्ष, मंडपवाले, सगळ्यांना शाल-श्रीफळ. शेवटी मी संयोजकांकडे गेलो. "अहो, गाणं कधी?"

"सर, तुमचा राहिला व्हय? रागवू नका, आत्ता घेतो!"

नको म्हणेपर्यंत अंगावर शाल आणि हातात माईक. "सर, दोन शब्द."

मग मीही सोडलं नाही. सत्कारांपायी कलाकाराचा वेळ कसा वाया जातो, ते सोदाहरण सुनावलं. टाळ्याही पडल्या.

मग बाई बसल्या आणि म्हणाल्या, "मारव्याची वेळ गेली. आता यमन गाते."

दिघे माझ्याकडे न बघता म्हणाला, "पंचवीस मिनिटं बोललास."

"अरे, पण मुद्दा बरोबर होता ना?"