पेन्शन ‘इतर’मध्ये टाका

चिकू खाताय म्हणून आठवलं. आमचे बाबा रिटायर मास्तर, पण जीव सगळा आशागडच्या वाडीत, आजीने लावलेल्या चिकूंवर. दोन हजार सोळाला त्यांचा टॅक्स रिटर्न भरताना टॅक्सची कामं करणाऱ्या नवीनभाईंनी चिकूचे पैसे शेतीऐवजी ‘इतर उत्पन्ना’त टाकले. वर टॅक्सही लागला.

बाबा चिकूंची करंडी घेऊन थेट डहाणूला, नवीनभाईंच्या ऑफिसात.

“खा.”

नवीनभाईंनी खाल्ला. “एकदम मस्त, मास्तर!”

“हे इतर?”

“भूल झाली. शेतीत टाकतो.”

“टाकाच. आणि ती पेन्शन काढून इतरमध्ये टाका. मास्तरकी मी या झाडांच्या खतापाण्यासाठी केली.”

आता बाबा नाहीत, वाडी माझ्याकडे आहे. पण माझा रिटर्न भरताना नवीनभाई आजही मी नेलेल्या करंडीतला चिकू सोलत विचारतात, “पगार इतरमध्येच ना?”