जोर कुठं द्यायचा

तासगाव-सांगली गाडीत रिटायर सुभेदार ज्ञानूआबा नातीला, क्रांतीला, इंग्रजी उच्चार स्पर्धेसाठी जुनाट शब्द फोडून शिकवत होते. कंडक्टर दीपाली हसू दाबून ऐकत होती.

“व्हि-दर-सो-ए-व्हर, म्हंजी ‘जिकडं कुठं’. पाच तुकडं. जोर कशावर?”

“‘ए’वर, आबा.”

“मग असा दे!” आबांनी ‘ए’ म्हणत गाडीच्या पत्र्यावर धाडकन थाप मारली.

गाडी थांबली.

“कोन उतरतंय रं?” ड्रायव्हर ओरडला.

“कुनी न्हाई. शिकवतोय!”

“आवं सुभेदार, थाप पडली की गाडी थांबती,” दीपाली म्हणाली. “तिसरी खेप हाय.”

“आबा, अकराला पोचलो न्हाई तर आत घेनार न्हाईत!”

“पन थापेबिगर जोर कळंल कसा?”

“तू म्हन गं पोरी,” ड्रायव्हरनं गाडी हाणली, “जोर मी देतो.”

“व्हि-दर-सो-”

पोंऽऽ!

“-व्हर!”

पुढचा उसाचा ट्रॅक्टर मुकाट बाजूला झाला.