सातव्या भागातल्या पेन्सिलीच्या ओळी

वडील गेल्यावर कपाटात सापडलेली वाचनालयाची अवकाश-कादंबरी ती परत करायला आली होती. ‘पुस्तकात लिहू नये’ अशी पाटी समोर होती, म्हणून रांगेत उभ्या उभ्या ती वडिलांचं पेन्सिलीचं लिखाण खोडत होती. पुढे एक काका आणि त्यांची पुतणी उभी होती.

“काका, सातवा भाग आज तरी मिळेल?”

“चार महिने कुणीतरी दाबून बसलंय गं.”

“एवढ्या जुन्या यानांत तुम्हाला अजून काय सापडतं?”

“अगं, बारा माणसांच्या भरवशावर अख्खी आकाशगंगा! आणि ऐन लढाईत आचारी विचारतो, जेवायला कितीजण? नव्या पुस्तकांत आहे ही ऐट?”

“मला तर समासातले पेन्सिलवाले आजोबाच आवडतात.”

“आजोबा कशावरून?”

“‘कप्तान मेला, पण रडू नका, ऐंशीव्या पानावर जिवंत आहे.’ दुसरं कोण लिहिणार असं?”

“सातव्यात सेनापतीला शिव्या घातल्या असणार बघ. लाव पैज!”

खोडरबर थांबलं. तिने पुस्तक पुढे केलं.

“माफ करा, चाळिसाव्या पानापर्यंत मी खोडलंय. सेनापतीला घातलेल्या शिव्या शाबूत आहेत.”