पिंजऱ्यातलं महाड

आईचे दिवस उरकून मी परतताना, पोलादपूर स्टँडवर शेजारच्या खतीजाबाई कुवेतमधल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या.

“दादी, माझा शॅमेलिऑन कालपासून पाणी पीत नाही. वाटी तशीच भरलेली आहे.”

“रिम्शा, सरडा काय मांजर हाय? पानावरचे थेंब चाटतो तो. आनि पिंजऱ्यातली ती कण्हेर आधी बाहेर काढ गो, विषारी हाय.”

“मग काय ठेवू?”

“गॅलरीतली जास्वंद ठेव. एसी बंद कर. इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घे नि पिंजऱ्यात आपलं महाड कर.”

“पूर आणू?”

“गप! पानं भिजव फक्त.”

“भिजवली... दादी, जीभ काढली! पितोय!”

“फोन हलवू नको. दिसू दे मला.”

“तुझी गाडी सुटेल ना!”

“सुटली कवाच.”

ती माझीही गाडी होती.