सहा नंबर

येसाजी : दाजी, हलू नका! कवाधरनं सांगतोय, हलू नका!

बाबाजी : हलतंय कोन, लेका? मांडी ऱ्हायलीय कुठं हलायला! पानी कुठवर आलंय तेवढं बघून सांग. बांधाच्या या अंगाला मला आभाळाबिगर कायबी दिसत न्हाय.

येसाजी : लांब हाय अजून. उघाडीच्या लय खाली हाय.

नजमुद्दीन : येसू, मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, कानात नाही. बांधातल्या उघाडीच्या दाराच्या फळ्यांवर खाडी थपडा मारतेय ते मला इथं झाडावर ऐकू येतंय.

येसाजी : हळू बोला, चाचा. दाजींला ऐकू जाईल.

नजमुद्दीन : काल कोजागिरी झाली. म्हणजे आज उधाण. दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी होईल, पण तुझा दाजी पडलाय ती जागा त्याच्या कितीतरी आधी बुडेल. अर्धा तास म्हण. फार झालं.

येसाजी : मी गावात पळतो. मानसं आनतो.

नजमुद्दीन : दीड मैल जायचं, दीड मैल यायचं. माणसं येतील, पण उचलायला, वाचवायला नाही. आणि उतरणार कुठून? खाली मारांडीच्या काटेरी जाळीत कोण बसलंय ते विसरलास?

येसाजी : गप पडलंय. मेलं आसंल.

नजमुद्दीन : मेलेलं डुक्कर दात घासत नाही. ऐक. कट्, कट्, कट्. सुळे परजतंय. तोंडभर छर्रे बसलेत, एक डोळा गेलाय. आता जे हलेल त्याच्यावर येणार ते. तुझ्या दाजीवर आलं, मांडी फाडून त्याला बांधापलीकडे फेकलं, तसं.

येसाजी : म्यां नेम बराबर धरला व्हता.

नजमुद्दीन : नेमाला कोण नावं ठेवतंय? चाळीस पावलांवरून बार तोंडावर बसला, आणि डुक्कर पडायच्या ऐवजी भडकलं. का? तर काडतूस तित्तराचं! अरे, तित्तराला सहा नंबर, सशाला चार, भेकराला त्याहून जाड, आणि डुकराला एलजी, करवंदाएवढे छर्रे. वाघ असला तर सबंध एकच गोळी. ज्या साहेबाबरोबर मी पंधरा वर्षं रानं तुडवली, त्याची गव्याला वेगळी रायफल, तीनशे पंचाहत्तर म्हणायचा तिला, आणि हरणाला वेगळी. तुझ्याकडे एकच नळी, बारा बोअरची. तिच्या पोटात काय घालायचं एवढंच तुझ्या हातात होतं, आणि तेवढंच तू चुकवलंस.

येसाजी : मागनं जोड्यानं मारा मला. आता काय करू ते सांगा.

नजमुद्दीन : उरलेली दोन्ही काडतुसं दे इकडे. हे काय? वरच्या पुठ्ठ्यावर नंबर छापलेला असतो, तो कुठे गेला?

येसाजी : गोदूनं धुतली.

नजमुद्दीन : काय केली?

येसाजी : धुतली. दसऱ्याला. बंदूक घरात आल्यावरचा पयला दसरा, चाचा. नांगर, विळा, कोयता, बंदूक, समदं पाटावर मांडलं. नांगराला पानी घातलं, तसं माझ्या घरधनीनीनं, गोदूनं, काडतुसांवरबी घातलं. मंग हळद, मंग कुंकू...

नजमुद्दीन : तोबा, तोबा! कागदाची काडतुसं न्हाऊमाखू घातली!

येसाजी : मागनं सुकवली की. चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या बोंबलांच्या शेजारी.

नजमुद्दीन : म्हणून हा वास. मी उगीच डुकराला दोष देत होतो. आणि फुगलीत बघ कशी, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसारखी. पहिलं कमी भिजलं म्हणून बसलं आणि निघालं, पण ही नळीत बसवायची तर खोडावर घासावी लागतील. बरं. मला चौलला घ्यायला आलास तेव्हा काय म्हणालास? "एक मोठं हाय, दोन बारीक हायत." त्यातलं एक बारीक उडालं. म्हणजे या दोनांत एक एलजी. बरोबर?

येसाजी : आं? व्हय.

नजमुद्दीन : कोणतं?

येसाजी : नंबरच गेला, मला कसं कळनार?

नजमुद्दीन : कानाशी हलवून बघतो. मोठे छर्रे चिंचोक्यांसारखे खडखडतात, बारीक तिळासारखे सळसळतात. अंहं. कागद आवळून बसलाय. दोन्ही मुकी.

बाबाजी : येसा! पाठ भिजली रं माझी!

येसाजी : दंव हाय, दाजी! गवताचं दंव!

बाबाजी : दंव खारं आसतंय व्हय?

येसाजी : चाचा, कायतरी करा वो. बायजा माझी पाठची भैन. चार दिस भात कापू लागा म्हनून मीच बोलावलं दाजींला. डुक्कर हाकलायला बांधावर मीच उभं केलं. तिला जाऊन काय सांगू?

नजमुद्दीन : रडू नको, फांदी हलते. ऐक. दोनांतलं एक फोडतो. वरचा पुठ्ठा दातानं उचकटला की आतलं दिसेल. बारीक निघालं तर दुसरं मोठं, आणि ते धड राहिलं. मोठं निघालं तर वर चिंधी कोंबू, नाहीतर नळी खाली केली की छर्रे गळून जायचे. बिस्मिल्ला. थू! कुंकवाची चव. थांब, थांब... बारीक! तीळच तीळ! अल्लाची मेहेर, येसू, दुसरं मोठं! घे, घास खोडावर, हलक्या हातानं. अरे घे की. हात मागे का घेतोस?

येसाजी : चाचा...

नजमुद्दीन : इथूनच मारायचं, उतरायचं नाही. एलजीला पंचवीस पावलं म्हणजे अंगणातला खेळ. मी ओरडतो, ते जाळीबाहेर येईल, पुढच्या पायाच्या मागे नेम धर, की आटपलं. तोंड असं का केलंस?

येसाजी : त्येबी बारीकच हाय.

नजमुद्दीन : कशावरून? फोडलं नाही अजून.

येसाजी : नका फोडू. मोठी दोनच व्हती घरात. दोन्ही उडाली.

नजमुद्दीन : कुठे उडाली?

येसाजी : वर.

नजमुद्दीन : वर म्हणजे?

येसाजी : आभाळात. दसऱ्याला. आपटा लुटायला समदा गाव शिवेवर गोळा झाला व्हता. पाटील म्हनाले, येसाजीची बंदूक आलीय, औंदा बार त्यानं काढायचा. चाचा, बापजाद्यांपासनं आमच्या घराला कुनी मान दिला न्हवता. म्हनलं, काढायचाच तर मोठ्याचा काढावा, आवाज मोठा व्हईल. म्हनून ती दोन पूजेच्या आदीच कनवटीला लावली.

नजमुद्दीन : अरे, आवाज दारूचा असतो, येसू. छर्ऱ्याचा नाही. दारू दोन्हींत जवळजवळ तेवढीच. बारीक उडवलं असतंस तरी गाव तेवढंच दचकलं असतं.

येसाजी : आता कळलं.

नजमुद्दीन : आणि डुकरांच्या मुलखात राहून बारीक मुळात आणलीस कशाला?

येसाजी : अलिबागच्या दुकानात चार नंबर व्हता, सहा नंबर व्हता. म्हनलं, सहाच द्या. चारापरीस मोठं.

नजमुद्दीन : नंबर चढतो तसा छर्रा बारीक होतो.

येसाजी : त्ये तुमी आज सांगताय.

नजमुद्दीन : आधी विचारलं असतंस तर आधी सांगितलं असतं. माझ्याशी खोटं का बोललास?

येसाजी : खरं सांगितलं आसतं तर आला आसता तुमी?

नजमुद्दीन : नसतो आलो.

येसाजी : मंग? आन् दाजीबी उभे न्हाय ऱ्हायले आसते. मोठं काडतूस हाय म्हनलं, म्हनून हसत गेले बांधावर.

बाबाजी : आरं काय कुजबुजताय झाडावर सासू-सुनंवानी? बार काढा की! कंबरंला लागलं पानी!

येसाजी : काढतो, दाजी! काढतोच!

नजमुद्दीन : गप्प बस जरा. विचार करू दे. नळीतून सुटताना छर्रे सगळे एका मुठीत असतात. लांब जावं तशी मूठ उघडत जाते. चाळीस पावलांवर नुसतं तिखट उडवल्यासारखं. पण हातभर अंतरावर? हातभर अंतरावर मूठ मिटलेलीच असते. हाड फोडून आत जाते.

येसाजी : म्हंजे काय करायचं?

नजमुद्दीन : काडतूस मोठं नसेल तर अंतर लहान करायचं.

येसाजी : खाली उतरून.

नजमुद्दीन : खाली उतरून. खोडाला पाठ लावायची, त्याला अंगावर घ्यायचं, आणि नळी त्याला टेकल्याशिवाय चाप ओढायचा नाही. एकच बार. हे फुगलेलं काडतूस एकदा आत गेलं की बोटानं निघायचं नाही, मग फोडलेलं ते दुसरं आपल्या पूजेलाच ठेवायचं. आण बंदूक. मी जातो.

येसाजी : तुमी?

नजमुद्दीन : त्रेसष्ट वर्षं झाली. पुष्कळ झाली.

येसाजी : चाचा, तुमाला डुक्कर आन् दाजी यकच दिसतील.

नजमुद्दीन : तोंड सांभाळ. खरं आहे म्हणा.

येसाजी : घासा त्ये काडतूस आन् द्या बसवून. मी उतरतो.

नजमुद्दीन : आणि नेम हुकला तर?

येसाजी : हातभर अंतरावर नेम कशाला लागतोय?

नजमुद्दीन : हं. बसलं. बसलं बाबा एकदाचं. घोडा खाली गेल्यावर चढव. बोट चापाच्या बाहेर. आणि किती पावलं राहिलीत ते मला ओरडून सांगत राहा, मला खालचं सगळं धुरकट आहे. मी सांगेपर्यंत ओढायचं नाही. आईची आण घे.

येसाजी : आईची आन. उतरलो. घोडा चढवला.

नजमुद्दीन : पाठ?

येसाजी : लावली खोडाला.

नजमुद्दीन : बाबाजी! डोळे मीट आणि मेल्यासारखा पड!

बाबाजी : त्याला सोंग कशाला घ्याया लागतंय!

नजमुद्दीन : येसू, हाक दे त्याला. शिवी दे.

येसाजी : ये रांडेच्या! भात लोळवलंस, दाजींला फाडलंस, आता मी हाय, ये! जाळी हलली, चाचा. भाईर आलं.

नजमुद्दीन : किती?

येसाजी : वीस. थांबलंय. बघतंय. यकच डोळा हाय त्याला.

नजमुद्दीन : एवढ्या कामाला एक पुरतो. नको ओढू.

येसाजी : सुटलं! पंधरा!

नजमुद्दीन : नको.

येसाजी : धा! चाचा, धा!

नजमुद्दीन : नको!

येसाजी : आलं, आलं, आलं...

नजमुद्दीन : टेकू दे!

(बार होतो. खाडीवरचे बगळे उडतात. मग फक्त पाण्याचा आवाज.)

नजमुद्दीन : येसू? येसाजी! अरे बोल काहीतरी, मला दिसत नाही!

बाबाजी : येसा! येसा रं!

नजमुद्दीन : या अल्ला. मी उतरतोय, येसू, मी...

येसाजी : सावकाश उतरा. खालची फांदी कुजकी हाय.

नजमुद्दीन : हरामखोरा! आधी बोलायला काय झालं होतं?

येसाजी : श्वासच न्हवता. पायावर पडलंय माझ्या. निघत न्हाय. तुमी माझ्याकडं नका येऊ, दाजींकडं जा.

नजमुद्दीन : एकटा मी तुझ्या दाजीला काय उचलणार? ढकल तिकडून. मी सुळ्याला धरून ओढतो. ढकल! अजून! हां, निघाला. लागलंय?

येसाजी : मागनं बघू. दाजी! दाजी, आलो!

बाबाजी : छातीला आलं रं...

येसाजी : गळ्यात हात टाका माझ्या. टाका हात! चाचा, तुमी पाय धरा. त्यो न्हाय, दुसरा. उचला!

बाबाजी : आई गं! आई...

नजमुद्दीन : ठेव. ठेव इथं बांधावर. फेटा दे तुझा, मांडी आवळतो.

बाबाजी : मेलं?

येसाजी : मेलं.

बाबाजी : मंग मोठं काडतूस पयलंच का न्हाय रं घातलंस?

नजमुद्दीन : बाबाजी, बोलू नको. रक्त जातंय.

बाबाजी : त्याला इचारतोय मी. येसा?

येसाजी : मोठं न्हवतंच, दाजी. मी खोटं बोललो. तुमच्याशीबी, चाचांशीबी.

नजमुद्दीन : हे नंतर बोला. येसू, खांद्याखाली हात घाल. चल, दीड मैल आहे.

बाबाजी : थांबा, चाचा. येसा, हिकडं बघ. माझ्याकडं बघ.

येसाजी : बोला, दाजी.

बाबाजी : बायजाला यातलं कायबी सांगायचं न्हाय.